टेक्सासमध्ये शेतावर राहायला जातोय, पिकअपमध्ये ठेवायला कोणती बंदूक घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की सॅन अँटोनिओच्या वायव्येला चाळीस एकर घेतलेत, शेळ्या पाळायच्यात, शेजारी म्हणतात गाडीत एखादी बंदूक असू द्या आणि इंटरनेटवर जो तो एआर-१५, म्हणजे ती लष्करी धाटणीची सेमी-ऑटोमॅटिक रायफल, घ्या म्हणतोय.

एआर नका घेऊ. निदान गाडीसाठी तरी नका. गाडीतली बंदूक आखूड, साधी आणि स्वस्त असावी. ओरखडा पडला तर जीव हळहळता कामा नये. बाकीचं पुढे सांगतो, पण आधी हे, कारण याच विषयावरून आमच्या घरात अनेक वर्षं वाद चालू आहे.

मी गुरांचा डॉक्टर. परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकलो, इथं येऊन सगळ्या परीक्षा पुन्हा दिल्या आणि आता हिल कंट्रीत, म्हणजे तुमच्याच त्या डोंगराळ भागात, गाई, शेळ्या, घोडे बघतो. माझ्या पिकअपमध्ये मागच्या सीटखाली टू-टू मॅग्नमची, म्हणजे बारीक गोळीची, एक जुनी बोल्ट रायफल असते. ती का असते ते कोणी विचारत नाही, फक्त हसतात.

आमचे साडू ह्यूस्टनच्या एका उपनगरात राहतात. थँक्सगिव्हिंगला सगळे आमच्याकडे जमले होते आणि संध्याकाळी एका रँचवरून फोन आला. गाय कॅटल गार्डमध्ये अडकली होती. फाटक उघडझाप करायला लागू नये म्हणून वाटेत खड्डा खणून त्यावर लोखंडी पाइप आडवे टाकतात, तेच. जनावर सहसा त्यावर पाय टाकत नाही. हिनं टाकला होता आणि मागचा पाय पाइपांच्या मधे मोडून हाड बाहेर आलं होतं. साडू ‘बघू तरी’ म्हणत त्यांची चकचकीत पिकअप घेऊन मागोमाग आले.

पाय वाचणार नव्हता. आता लोक म्हणतात, डॉक्टर आहात तर इंजेक्शन द्यायचं. पण त्यातलं औषध, पेंटोबार्बिटल, दिलं की ते मांसात राहतं. मेलेलं जनावर खोल पुरलं नाही तर त्यावर उतरलेली गिधाडं, गरुड, शेजारची कुत्री, सगळी मरतात. आणि तिथल्या जमिनीत फूटभर खाली चुनखडीचा कातळ लागतो, रात्री खणणार कुठे? म्हणजे बंदूकच.

साडूंनी तोवर त्यांची एआर काढली होती. लाल ठिपक्याची दुर्बीण, टॉर्च, तीस गोळ्यांचं मॅगझिन. ‘डॉक्टर, ही घ्या, एका सेकंदाचं काम.’ मी नको म्हटलं. खाली लोखंडी पाइप, बाजूला रँचरची दोन पोरं, त्यापलीकडे डांबरी रस्ता. त्या रायफलची गोळी भन्नाट वेगाची, ती नाहीतर तिचे तुकडे पाइपावर आपटून कुठे उडतील याची हमी कोण देणार? मी सगळ्यांना माझ्या मागे उभं केलं, गाईच्या डोळ्यांवर गोणपाट टाकलं, ती शांत होईपर्यंत थांबलो आणि मग माझ्या रायफलीतून जवळून कपाळात एकच गोळी, रोख धडाच्या दिशेनं धरून. संपलं.

तेव्हापासून दर गणपतीला साडू सांगतात की दोन हजार डॉलरची रायफल समोर असताना आमच्या डॉक्टरांनी खेळण्यातली बंदूक काढली. बायकोच्या आत्यानं पुण्याहून फोन करून गोहत्येचं पाप ऐकवलं ते वेगळंच. मोडक्या पायानं गाय रात्रभर हंबरत ठेवणं हे पुण्य असेल तर असो.

तर तुमचं. शेळ्या आहेत म्हणजे कायोटी, इथले कोल्ह्या-लांडग्यासारखे रानकुत्रे, येणार. पण पहिला खर्च बंदुकीवर करू नका, ग्रेट पिरनीज जातीच्या कुत्र्यांच्या जोडीवर करा. कायोटी येतात पहाटे, तेव्हा तुम्ही झोपलेले असता आणि कुत्रा जागा असतो. बंदूक एकच घ्यायची तर ट्वेल्व्ह गेजची पंप शॉटगन घ्या, आपल्याकडची बारा बोर. मॉसबर्ग ५०० किंवा जुनी रेमिंग्टन ८७० सेकंडहँड मिळते. छर्रे भरले की सापाला चालते, स्लग म्हणजे एकच जाड गोळी भरली की रानडुकराला. इथं रानडुकरं वीस लाखांच्या वर असतील असा अंदाज आहे आणि मालकाच्या संमतीनं खाजगी जमिनीवर त्यांना मारायला २०१९ पासून शिकारीचा परवानाही लागत नाही. जरा लांबचा नेम हवा असेल तर थर्टी-थर्टी काडतुसाची लिव्हर रायफल, विंचेस्टर ९४ किंवा मार्लिन ३३६. चपटी असते, सीटमागे सरकते, दीडशे यार्डांपर्यंत काम करते. विंचेस्टरचा नमुना १८९४ चा आहे आणि इथले म्हातारे अजून तीच वापरतात, ते काही मूर्ख नाहीत.

स्कंक, म्हणजे तो घाण वास फवारणारा काळापांढरा प्राणी, भर दिवसा झिंगल्यासारखा फिरताना दिसला तर रेबीज समजा आणि मारायचाच झाला तर डोक्यात गोळी घालू नका. तपासणी मेंदूची होते. हे सगळ्यांनी विसरलेलं असतं आणि मग मला चेंदामेंदा झालेलं डोकं आणून देतात.

गाडीतल्या बंदुकीच्या नळीत काडतूस कधी ठेवायचं नाही. पंप शॉटगनची सेफ्टी फक्त चाप अडवते, खड्ड्यात गाडी आदळल्यावर तिच्यावर विसंबायचं नसतं. खडीच्या रस्त्यांच्या हादऱ्यांनी दुर्बिणीचे स्क्रू सैल होतात, म्हणून गाडीतल्या बंदुकीला नेम धरायला साधी लोखंडी माशीच बरी. ओलं कुत्रं गाडीत बसलं की गंज चढतो, तेलाचं फडकं जवळ ठेवा. आणि गावात किराणा आणायला गेलात तर बंदूक घरच्या तिजोरीत. चोरांना पिकअप दिसली की सीटमागे काय असतं ते पाठ आहे. साडू मात्र त्यांची एआर मॉलच्या पार्किंगमध्ये काचेआड सोडून सिनेमा बघतात.

हो, एक राहिलं आणि खरं तर ते आधी सांगायला हवं. तुम्ही एच-१बी (नोकरीच्या) किंवा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर फेडरल कायद्यानं बंदूक बाळगताच येत नाही. शिकारीचा चालू परवाना हातात असला तर त्यातून सूट मिळते, पण वकिलाला विचारल्याशिवाय दुकानात पाऊल टाकू नका, प्रकरण थेट व्हिसावर येतं. ग्रीन कार्ड असेल तर ही अट नाही. टेक्सासात स्वतःच्या गाडीत रायफल किंवा शॉटगन ठेवायला परवाना लागत नाही, पण शाळेपासून १००० फुटांच्या आत फेडरल नियम लागतो. मुलांना सोडायला जाणार असाल तर बंदूक रिकामी आणि कुलपात हवी. सार्वजनिक रस्त्यावरून किंवा रस्त्याच्या पलीकडे गोळी झाडणं हा गुन्हा, कायोटी कितीही समोर उभा असला तरी. दुसऱ्या राज्यात गेलात तर यातलं काहीही गृहीत धरू नका.

साडू हे वाचतीलच. त्यांनी जरूर उत्तर द्यावं. फक्त त्या रात्री पाइपावरून उडालेली गोळी कुठे गेली असती, तेवढं आधी सांगावं.