आप्पांचा खांदा आणि पाचगावचा प्लॉट

ताई, बाकीचं नंतर बोलू. शनिवारी प्लॉटचं टोकन घेऊ नका, भावालाही आजच तसं सांगा.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. कागलच्या या ताईंचे वडील, आप्पा, कोल्हापुरात राहतात, वय ७२. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांचा उजव्या खांद्याचा सांधा बदलला, पण वर्ष उलटलं तरी दुखणं थांबेना. आता डॉक्टर म्हणतात, आत इन्फेक्शन आहे. बसवलेला सांधा काढायचा, अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ‘स्पेसर’ ठेवायचा, सहा आठवडे औषधं द्यायची आणि मग पुन्हा नवा सांधा. पहिल्या ऑपरेशनला पावणेतीन लाख, दुसऱ्याला साडेचार. भाऊ पाचगावचा प्लॉट विकायला निघालाय, आई पाटल्या काढून बसलीय आणि आप्पा म्हणतात, “मला गोळ्यांवरच ठेवा, ह्या म्हाताऱ्या खांद्यापायी सव्वासात लाख घालवू नका.”

तुम्ही दबकत विचारलंय की रक्ताचे रिपोर्ट तर नॉर्मल आहेत, मग हे पैशासाठी तर चाललं नाही ना? शंका रास्त आहे, पण खांद्याचं गणित वेगळं असतं. तिथे सर्वांत जास्त सापडणारा जंतू म्हणजे क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस. तो आपल्याच कातडीत, केसांच्या मुळाशी राहतो आणि फार सावकाश वाढतो. ताप नाही, लाली नाही, सीआरपी (रक्तात सूज दाखवणारी तपासणी) नॉर्मल. नुसता दुखरा, आखडलेला खांदा. म्हणून सांध्यातलं पाणी किंवा आतले तुकडे कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, लावले की ते १४ दिवस ठेवावे लागतात. (उसाचं बिलही कायद्यानं १४ दिवसांतच द्यायचं असतं. तुमचं कधी येतं, ते तुम्हीच सांगा.) तेव्हा डॉक्टरांना नेमकं विचारा: नमुने किती घेणार, कल्चर किती दिवस ठेवणार, आणि एकाच ऑपरेशनात जुना काढून नवा बसवणं आप्पांच्या बाबतीत शक्य आहे का? काहींच्या बाबतीत तसं करतात. उत्तर डॉक्टरच देतील, पण त्या उत्तरावर तुमचे काही लाख अवलंबून आहेत. मिरजेला किंवा पुण्याला दुसरं मत घ्यायला जाण्यायेण्यासह काही हजार लागतील. या अख्ख्या हिशोबात मी डोळे झाकून मंजूर करीन असा खर्च हाच. तोवर मनानं अँटिबायोटिक सुरू करू नका, नाहीतर कल्चरमध्ये कदाचित काही उगवणारच नाही.

आता पैसे. तुम्ही सगळे सव्वासात लाखांकडे एकच आकडा म्हणून बघताय. ते दोन खर्च आहेत, दोन तारखांचे. तुमची आरोग्य विम्याची पाच लाखांची पॉलिसी १२ मार्चला रिन्यू होते. पहिलं ऑपरेशन जानेवारीअखेर झालं, तर सहा आठवडे म्हणजे मार्चचा दुसरा आठवडा. दुसरं ऑपरेशन साहजिकच नव्या पॉलिसीवर्षात पडतं आणि तिथे विम्याची रक्कम नव्यानं पाच लाख असते. विम्यासाठी ऑपरेशन पुढे ढकला असं मी म्हणत नाही. तारीख डॉक्टरच ठरवतील. पण हप्ता आठवडाभर आधी भरून टाका. क्लेम झाला म्हणून कंपनी रिन्यूअल नाकारू शकत नाही. आणि विम्याची रक्कम संपल्यावर त्याच वर्षात ‘रिस्टोअर’ होऊन, म्हणजे पुन्हा भरून, मिळणाऱ्या रकमेवर विसंबू नका. ४५ दिवसांत तोच आजार उलटला तर पॉलिसीत तो एकच आजार धरतात, आणि त्याच आजाराला रिस्टोअर मिळेलच असं नाही.

फॉर्ममध्ये आप्पांचा मधुमेह लिहायचा राहिला होता, ही भीती मात्र मनातून काढा. पॉलिसी मार्च २०२० पासून अखंड चालू आहे. सलग ६० महिने झाले की माहिती लपवल्याच्या कारणानं क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच. आधी ही मुदत आठ वर्षांची होती, २०२४ मध्ये पाच झाली.

खिशाला खरी कात्री लागते ती खोलीच्या भाड्यानं. तुमच्या पॉलिसीत त्याची मर्यादा दिवसाला ५,००० आहे. आप्पांना ८,००० ची खोली घेतली तर वरचे तीन हजार तर गेलेच, शिवाय सर्जन, भूल, थिएटर यांचं बिल त्याच प्रमाणात कापतात. ते ८० हजार असेल तर ३० हजार तुमच्या अंगावर. औषधं आणि इम्प्लांट यांना ही कात्री लागत नाही. माझ्या आईच्या वेळी “एसी खोली बरी” म्हणून मीच हा घोळ घालून ठेवला होता. दुसऱ्यांना सल्ले देणारा माणूस, काउंटरवर बिल बघून गप्प उभा होतो.

डिस्चार्जनंतरची ६० दिवसांची औषधं तुमच्या पॉलिसीत बसतात, म्हणजे सहा आठवड्यांचा कोर्स त्यातच येतो. प्रत्येक चिठ्ठी आणि पक्कं बिल एका पिशवीत ठेवा. सगळे दिवस सलाईनच लागणार का, हेही विचारा. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या हजारावर रुग्णांच्या अभ्यासात, हाडासांध्यांच्या इन्फेक्शनला पहिल्या सहा आठवड्यांत गोळ्या सलाईनपेक्षा कमी पडल्या नव्हत्या. आप्पांच्या जंतूला गोळी चालते का, ते कल्चरवरून ठरेल. चालली तर रोजची नर्स आणि रिक्षा वाचली.

माझ्या अंदाजानं सगळं धरून तुमच्या खिशातून दीड लाखाच्या आसपास जातील. तेवढ्यासाठी तुमची दोन लाखांची एफडी आहे. ती मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट (ठेव तारण ठेवून बँकेची उचल) घ्या आणि उसाचं बिल आलं की फेडा. कॅशलेस, म्हणजे विमा कंपनीनं थेट दवाखान्याला पैसे देणं, अडकलं आणि आधी रोख भरावी लागली, तरच आईच्या पाटल्या बँकेत तारण ठेवा. गुजरीत, सराफाकडे नेऊन मोडायच्या नाहीत. आप्पांची पोस्टातली १५ लाखांची ज्येष्ठ नागरिक ठेव तर विषयातच नको. त्यातून लागतील तेवढे दोन-तीन लाख काढता येत नाहीत, अख्खं खातं बंद करावं लागतं. दोन वर्षं झाली असल्यानं एक टक्का म्हणजे १५ हजार कापतील, आणि दर तिमाहीचे व्याजाचे ३०,७५० थांबतील. त्यावरच त्या दोघांचं घर चालतं.

आप्पा सत्तरीपुढचे आहेत, तेव्हा सरकारी आरोग्य योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्डही याच आठवड्यात काढा. उत्पन्नाची अट नाही, खासगी विमा असला तरी चालतं. हे ऑपरेशन तुमच्या दवाखान्यात त्यात बसतं का, ते तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसालाच विचारा.

आप्पांच्या गोळ्यांबद्दल. ऑपरेशन झेपणारच नाही अशा माणसाला दीर्घकाळ अँटिबायोटिकवर ठेवतात, तो खरा वैद्यकीय मार्ग आहे. डॉक्टर आपणहून ते म्हणाले तर ऐका. पण आप्पा ते पैशासाठी म्हणताहेत, आणि त्यांच्या डोक्यात आकडा सव्वासात लाखांचा आहे. त्यांना दीड लाखाचा हिशोब कागदावर मांडून दाखवा आणि मग पुन्हा विचारा.

प्लॉट मी राखून ठेवायला सांगतोय, कारण हे इन्फेक्शन क्वचित पुन्हा उलटतं. आणखी एकदा टेबलावर जायची वेळ आली, तर तेव्हा तो लागेल. गिऱ्हाईकाला सांगा, दिवाळीनंतर बोलू.