वाचक विचारतात : अलार्म घ्यावा का, आणि मैत्रिणीला काय सांगावे?

प्रश्न : माझी मुलगी अंबड औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या पाळीला जाते. कंपनीची बस तिला रात्री त्रिमूर्ती चौकात सोडते आणि तिथून घरापर्यंतचा रस्ता त्या वेळी सामसूम असतो. पिन ओढली की जोरात वाजणारे छोटे अलार्म ऑनलाइन मिळतात. कुणी १२० डेसिबल लिहितो, कुणी १४०. कोणता घ्यावा, आणि त्याचा खरोखर उपयोग होतो का?
– एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : अलार्म अवश्य घ्या, मात्र डेसिबलच्या आकड्याला भुलू नका. हा आकडा बहुधा यंत्राच्या अगदी जवळ मोजलेला असतो आणि उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. वीतभर अंतरावर १३० डेसिबल असलेला आवाज शंभर मीटरवर सत्तर-पंचाहत्तरपर्यंत येतो, म्हणजे बंद खिडकीआड टीव्ही लावून बसलेल्या घरात तो पोचेलच असे नाही. आवाजाने हल्लेखोर बिचकतो, त्याची पकड क्षणभर सैल होते आणि तेवढ्यात पळता येते. या यंत्राचे काम एवढेच आहे. कोणीतरी धावून येईल हे गृहीत धरू नये, कारण वाहनांचे चोरी-अलार्म ऐकून ऐकून आपल्या वस्त्यांचे कान निबर झाले आहेत.

खरेदी करताना पिन पाहा. ती एका हिसक्यात निघाली पाहिजे, पण पर्सच्या चेनमध्ये अडकून आपोआप निघता कामा नये. पिन परत बसवेपर्यंत वाजत राहणारा अलार्म नुसत्या बटणाच्या अलार्मपेक्षा बरा, कारण बटण हल्लेखोरही बंद करू शकतो. तो पर्सच्या तळाशी न ठेवता पट्ट्याला किंवा ओढणीच्या बाजूला, नेहमीच्या हाताला सापडेल असा अडकवावा. महिन्यातून एकदा शेजाऱ्यांना आधी सांगून वाजवून पाहावा. बटण-सेलचा असेल तर सेल वेळेवर बदलावा आणि चार्जिंगचा असेल तर चार्जिंगचा एक वार ठरवून टाकावा.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती अलार्मपेक्षा महत्त्वाची वाटते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात मालकाने पुरवलेले वाहनसुद्धा कामाच्या ठिकाणातच मोडते. बसने चौकाऐवजी घराजवळ सोडावे, अशी मागणी मुलीने आणि तिच्या सहकारी महिलांनी मिळून कंपनीकडे लेखी करावी. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अशा छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. मागणीची एक प्रत त्या समितीलाही द्यावी.

प्रश्न : फोनमध्येच पॅनिक बटण असते म्हणतात. मग वेगळा अलार्म कशाला?
– महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नाशिक रोड

उत्तर : दोन्हींची कामे वेगळी आहेत. अलार्म जवळच्यांना सावध करतो, तर फोनचे बटण ११२ या क्रमांकावर मदत मागते. २०१७पासून भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइलमध्ये ही सोय सक्तीची आहे. स्मार्टफोनवर पॉवरचे बटण लागोपाठ तीनदा दाबायचे आणि साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचा, अशी रचना ठरवून दिलेली आहे. तुमच्या फोनमध्ये ती चालू आहे का, हे सेटिंगमध्ये आजच पाहून घ्या. काही कंपन्यांच्या फोनवर बटण पाचदा दाबावे लागते. चुकून ११२ला फोन लागला तर घाबरून तोडू नका, ‘चुकून लागला’ एवढे सांगून मग ठेवा.

प्रश्न : माझ्या मैत्रिणीवर तीन आठवड्यांपूर्वी तिच्या नात्यातल्याच एकाने बळजबरी केली. तिने फक्त मला सांगितले आहे. ‘मी ओरडले का नाही’ हेच ती सारखे म्हणते. आता उशीर झाला, काही करता येणार नाही, असे तिला वाटते. मी काय करू?
– एक मैत्रीण, गंगापूर रोड

उत्तर : पत्रातला ओळख पटेल असा मजकूर आम्ही काढून टाकला आहे. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे, हे तिलाही सांगा. बदनामीची भीती त्याने थोडी तरी ओसरेल.

‘ओरडले का नाही’ याचे उत्तर शरीराजवळ आहे. अतिभयात अनेकांचे हातपाय आणि आवाज अक्षरशः गोठतात. ते ठरवून होत नाही आणि ती संमती तर नव्हेच. वर ज्या अलार्मची चर्चा केली, तोही इथे निरुपयोगी ठरला असता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे हेच दिसते की बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो, आणि ओळखीच्या माणसासमोर कुणी पिन हातात धरून बसत नाही. ‘तू गेलीसच का’, ‘आधीच का नाही बोललीस’ हे प्रश्न तुम्ही विचारू नका, इतरांनाही विचारू देऊ नका. तिने जेवढे सांगितले तेवढे ऐकून घ्या, आणि तिची परवानगी असल्याखेरीज तिच्या घरच्यांना कळवू नका. (ती १८ वर्षांखालील असेल तर मात्र गोष्ट वेगळी आहे. मग बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.)

उशिराबद्दल स्पष्टच सांगते. एचआयव्ही टाळण्याची औषधे आणि गर्भनिरोधक गोळी ७२ तासांच्या आत घ्यावी लागते. शरीरावरचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतले जातात. ती वेळ गेली. पण गर्भचाचणी तीन आठवड्यांनी विश्वसनीय येते, लैंगिक संसर्गाच्या तपासण्या होऊ शकतात, आणि गर्भ राहिलाच असेल तर बलात्कारपीडितेला २४ आठवड्यांपर्यंत कायद्याने गर्भपात करता येतो. त्र्यंबक नाक्याजवळचे सिव्हिल असो वा खासगी रुग्णालय, उपचार मोफत आणि तत्काळ करणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. रुग्णालय पोलिसांना कळवते, पण प्रौढ स्त्री तपासणीला किंवा तक्रारीला नकार देऊ शकते. तिचा नकार लिहून घेतला जातो आणि उपचार थांबवता येत नाहीत. योनीत दोन बोटे घालून केल्या जाणाऱ्या तथाकथित ‘टू-फिंगर’ चाचणीला सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली मनाई केली आहे. तसे कुणी करू पाहिलेच तर तिने ठाम नकार द्यावा.

बलात्काराच्या तक्रारीला कायद्यात मुदत नाही. त्या दिवशीचे कपडे न धुता राहिले असतील तर ते प्लास्टिकमध्ये नव्हे, कागदी पिशवीत ठेवावेत. त्या नातेवाइकाचे मेसेज पुसू नयेत. घटना कुठल्या हद्दीत घडली याचा विचार न करता कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर देता येते आणि तिचे म्हणणे महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचे असते. नोंद नाकारणे हा त्या अधिकाऱ्याचा गुन्हा ठरतो. ठाण्यात दाद लागली नाही तर शहरात पोलीस आयुक्तांकडे आणि ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करावी.

तिला लगेच ठाण्यात जायचे नसेल, आणि तीन आठवड्यांनी ते साहजिकच आहे, तर १८१ या महिला हेल्पलाइनवर ‘सखी’ वन स्टॉप सेंटरची माहिती मिळते. तिथे समुपदेशन, वैद्यकीय व कायदेशीर मदत आणि काही दिवसांचा निवारा एकाच छताखाली मिळतो. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरण स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील देते. गुन्हा नोंदल्यानंतर राज्याच्या मनोधैर्य योजनेतील अर्थसाहाय्याचा अर्जही तिथेच करायचा असतो. पहिल्या खेपेला तुम्ही तिच्यासोबत जा. कागदपत्रे तुम्ही सांभाळा, बोलायचे काम मात्र तिला करू द्या.

आणि तुम्हालाही हे सगळे ऐकून झोप लागत नसेल, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते. तिथे मैत्रिणीचे नाव सांगण्याची गरज नाही.