पाय प्लास्टरमध्ये होता, मग साखर का वाढली?

प्रश्न : डॉक्टर, मी ५४ वर्षांचा, मानेवाड्याला राहतो. घोट्याचं हाड मोडल्यानं दीड महिना पलंगावरच होतो. जेवण आधीपेक्षा कमी, गोड बंद, वजनही किलोभर उतरलं. तरी उपाशीपोटीची साखर ९६ वरून ११८ झाली, ट्रायग्लिसराइडही (रक्तातली चरबी) वाढले. जेवण अजून कमी करू का?

उत्तर : नाही भाऊ, जेवण तोडू नका. उतरलेल्या किलोत चरबीपेक्षा स्नायूच जास्त गेला असावा, आणि तुमचं दुखणं तिथंच आहे. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. चालता-उठताना तो इन्सुलिनची वाट न पाहताही साखर ओढून घेतो. पडून राहिलं की ते थांबतं. शिवाय तो इन्सुलिनलाही नीट दाद देत नाही. मग स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडावं लागतं. रक्तातली चरबी फोडणारं स्नायूंमधलं लायपेज नावाचं एन्झाइमही मंदावतं, म्हणून ट्रायग्लिसराइड चढतात. धडधाकट माणसातही हे काही दिवसांत दिसू लागतं.

१९६६ साली अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवलं होतं. तीस वर्षांनी त्यांनाच पुन्हा तपासलं. त्या तीन आठवड्यांनी त्यांची दमश्वासाची ताकद जितकी घटवली होती, तितकी तीस वर्षांच्या वयानंही घटवली नव्हती! मात्र व्यायामानं ती भरून आली, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

आता पायावर किती भार द्यायचा, हे आधी हाडांच्या डॉक्टरांना विचारा. परवानगी मिळाली की दोन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं घरातच फेऱ्या मारा. मे महिन्यात आपल्या नागपुरात पारा ४५ ला टेकतो, म्हणून माणसं दुपारभर कूलरसमोरून हलत नाहीत. त्याची मला फार काळजी वाटते. ऊन उतरल्यावर गच्चीवर चाला, फुटाळा तलावावरचं फिरणं नंतर बघू. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं जमेल तसं वाढवा. ताटात घट्ट वरण, दही, चालत असतील तर अंडी हवीतच.

दुखण्यावर स्टेरॉइड घेतलं होतं का, तेही तुमच्या डॉक्टरांना सांगा. त्यानंही साखर चढते. ११८ म्हणजे डायबिटीस नव्हे, उंबरठा आहे. तीन महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, करा. मधल्या काळात उपाशीपोटीची साखर १२६ किंवा त्याहून वर गेली, तर तीन महिने थांबू नका.