हंपीला गेल्यावर नदीपलीकडच्या आनेगुंदीसाठी वेगळा दिवस ठेवावा का? त्या गावात नेमकं आहे तरी काय?

ठेवाच. जमलं तर रात्रीचा मुक्कामही हंपीऐवजी आनेगुंदीतच करा. मी सोलापूरची. हंपी आम्हाला तसं जवळ, त्यामुळे माझं तिकडे बऱ्याचदा जाणं होतं. दर वेळी दिसतं की लोक दोन-तीन दिवस हंपी फिरतात आणि शेवटच्या दुपारी आनेगुंदी दोन तासांत उरकतात. मला त्याचं वाईट वाटतं. हंपीच्या आधी आनेगुंदी होतं, आणि हंपी ओस पडल्यावरही ते नांदतं राहिलं. हंपी ही विजयनगर साम्राज्याची राजधानी; ती गेली, गाव राहिलं. ते कसं राहिलं, हे तिथे गेल्यावर डोळ्यांनी बघता येतं.

गाव तुंगभद्रेच्या उत्तर काठावर, कोप्पळ जिल्ह्याच्या गंगावती तालुक्यात. विजयनगरच्या आधी या मुलखात कंपिलीचं छोटं राज्य होतं. मुहम्मद तुघलकाविरुद्ध बंड करून पळालेल्या त्याच्या आतेभावाला कंपिलीच्या राजाने आसरा दिला आणि १३२७ च्या सुमारास तुघलकी फौजेने ते राज्य बुडवलं. पोर्तुगीज घोडेव्यापारी फर्नाव नुनिझ याने दोनशे वर्षांनी ही हकीकत लिहिली, तेव्हा त्या राजाचं ठिकाण म्हणून त्याने आनेगुंदीचंच नाव दिलं. पुढे १३३६ मध्ये हरिहर आणि बुक्क यांनी विजयनगर स्थापलं, ते आधी याच काठावर पाय रोवून मग पलीकडे गेले, असं परंपरा सांगते. किल्ल्याच्या वेशीतून आजही गावची गुरं जा-ये करतात. पार मागे जायचं तर गावाबाहेर ओनके किंडीला खडकावर आदिमानवाने काढलेली चित्रं आहेत, म्हणजे वस्ती किती जुनी ते बघा.

१५२० च्या सुमारास आलेल्या डोमिंगो पाइश या दुसऱ्या पोर्तुगीजाने इथे नदी कशी ओलांडतात ते लिहून ठेवलंय. वेताच्या, बाहेरून चामडं मढवलेल्या, टोपलीसारख्या गोल होड्या. पंधरा-वीस माणसं बसतात, वेळ पडली तर घोडे-बैलही नेतात, आणि सरळ न जाता सतत गोल फिरत पुढे सरकतात. हाच तो हरिगोल. आता चामड्याच्या जागी प्लास्टिक आणि डांबर आलं, एवढाच फरक. या काठावरून त्या काठावर जायला सगळ्या गावाची भिस्त फार काळ अशाच होड्यांवर होती. नदीत दगडी खांबांची एक रांग उभी आहे, ती जुन्या पुलाची. नवा पूल बांधायला घेतला, त्यावरून युनेस्कोने १९९९ मध्ये हंपीला धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकलं, काम अडकलं, आणि अखेर जानेवारी २००९ मध्ये तो बांधत असतानाच कोसळला. त्यात मजूर गेले. गावकऱ्यांची बाजू इथे ऐकायला हवी. वारसा जपायचा हे त्यांनाही मान्य आहे, पण बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं तर होडी, शाळा-बाजार गाठायचा तर होडी, आणि धरणातून पाणी सोडलं की तीही बंद. आता थोडं खालच्या अंगाला कडेबागिलु-बुक्कसागर पूल आहे, त्यामुळे हाल पुष्कळ कमी झालेत.

१५६५ च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगर हरलं, ती गोष्ट तुम्हाला हंपीचे गाइड सांगतीलच. विजयनगरचा कारभार पाहणाऱ्या रामरायाचं मस्तक उतरवलं ते आपल्या अहमदनगरच्या हुसेन निजामशहाने. भाऊ तिरुमल खजिना घेऊन पेनुकोंड्याकडे गेला. गाइड इथे थांबतात, पण आनेगुंदीची गोष्ट पुढे चालू राहते. राजघराण्याची एक शाखा या गावात राहिली आणि हैदराबादच्या निजामाच्या राज्यात ते एक लहानसं संस्थान म्हणून टिकलं. पलीकडचं हंपी मात्र इंग्रजांच्या मद्रास इलाख्यात. एकाच राजधानीचे हे दोन काठ दीडशे वर्षं दोन वेगळ्या राज्यांत होते, मधे फक्त नदी. १९५६ मध्ये ते पुन्हा एका राज्यात आले. राजघराण्याचे वंशज अजूनही आनेगुंदीचे म्हणूनच ओळखले जातात.

गाव टिकलं याचं कारण, माझ्या मते, पाणी. विजयनगरच्या राजांनी तुंगभद्रेवर जागोजागी दगडी बंधारे घालून कालवे काढले. राजवाडे जळले, पण कालवे वाहत राहिले, कारण शेतकऱ्यांनी ते वाहते ठेवले. त्यातले कित्येक आजही भातखाचरांना आणि केळीच्या बागांना पाणी देतात. मोठमोठाल्या गोल धोंड्यांच्या उजाड टेकड्या आणि त्यांच्या पायथ्याशी डोळ्यांत भरेल असा हिरवा भात, हे दृश्य या पाण्यामुळेच आहे. १९५३ मध्ये नदीच्या वरच्या अंगाला तुंगभद्रा धरण झालं, डाव्या कालव्याचं पाणी गंगावतीभर फिरलं, आणि किनारी आंध्रातून शेतकरी येऊन इथे जमिनी घेऊन राहिले. त्यांच्या वस्त्यांना आजही ‘कॅम्प’ म्हणतात, तिथे तेलुगू ऐकू येते. आपल्या घरात शिजतो तो सोना मसुरी तांदूळ गंगावतीच्या गिरण्यांतून आलेला असण्याची शक्यता बरीच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये धरण भरलेलं असताना १९ क्रमांकाचा दरवाजा साखळी तुटून वाहून गेला, तेव्हा या सगळ्या पट्ट्याचा जीव टांगणीला लागला होता. आठवड्याभरात तात्पुरता दरवाजा बसला आणि पुढच्या पावसाने धरण पुन्हा भरलं, म्हणून निभावलं.

गावात शिरल्यावर घाई करू नका. रंगनाथाच्या देवळासमोरचा चौक, तिथला लाकडी रथ, शेजारचा गगनमहाल हे तर बघाच, पण गल्ल्यांतून चाला. दगड-मातीच्या भिंती, माळवदाची घरं, दारापुढे ओटा, रोज पहाटे सारवून काढलेली रांगोळी. आपल्याकडच्या जुन्या गावांत आता विरळ झालेलं बरंच काही इथे अजून वापरात आहे. किष्किंधा ट्रस्ट या संस्थेने नव्वदच्या दशकापासून इथली जुनी घरं दुरुस्त करून राहती ठेवली आणि बायकांना केळीच्या सोपटाचे दोर वळून पिशव्या, चटया, टोपल्या करायचं काम मिळवून दिलं. घड उतरवला की केळीचा बुंधा एरवी कुजायला टाकतात, त्यातून हा रोजगार उभा राहिलाय. खरेदी करायचीच असेल तर इथे करा. जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि भरलं वांगं मिळतं. सोलापूरकराला परगावी आल्यासारखं वाटतच नाही.

हुच्चप्पय्यांचा मठ आवर्जून बघा. काळ्या दगडाचे घोटीव खांब आणि छतावर फिकट होत चाललेली चित्रं आहेत. नदीतल्या बेटावर नववृंदावन आहे, मध्वाचार्यांच्या पंथातल्या नऊ संन्याशांच्या समाध्या. त्यात कृष्णदेवरायाचे गुरू व्यासराय यांचीही आहे. २०१९ च्या जुलैमध्ये गुप्तधनाच्या हव्यासाने चोरट्यांनी ती फोडली. दुसऱ्याच दिवशी भक्तांनी जमून दगड पुन्हा रचला. होडी पाण्याच्या पातळीवर अवलंबून असते, म्हणून आदल्या दिवशी गावात चौकशी करून ठेवा.

हनुमानाचं जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या अंजनाद्री टेकडीच्या सुमारे पावणेसहाशे पायऱ्या उजाडता उजाडता चढा. शनिवार आणि हनुमान जयंती टाळलीत तर बरं, प्रचंड गर्दी असते. यायला कोल्हापूर-तिरुपती हरिप्रिया एक्स्प्रेस होस्पेटला थांबते, तिथून पुढे रिक्षा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम. आणखी अर्धा दिवस हाताशी असेल तर गंगावतीजवळच्या हिरेबेणकलच्या टेकडीवर जा. उभ्या शिळांवर शिळा ठेवून बांधलेली शेकडो महापाषाणकालीन दफनस्थळं तिथे माळावर पसरलेली आहेत. वर सावली नाही आणि दुकानही नाही, तेव्हा पाणी भरपूर घ्या आणि वाट दाखवायला गावातलं माणूस सोबत असू द्या.