'सोळाव्या वर्षापर्यंत बंदी' की 'किमान वय १६'?

शंका : आमच्या महाविद्यालयातील वादविवाद स्पर्धेचा विषय असा ठरला आहे : 'सोळाव्या वर्षापर्यंत मुलांवर समाजमाध्यमबंदी आणि अल्गोरिदमवर सरकारी नियंत्रण हवे.' एका परीक्षकांनी 'बंदी' आणि 'नियंत्रण' या शब्दांना हरकत घेतली आहे. त्याऐवजी 'वयोमर्यादा' आणि 'नियमन' चालेल का?

उत्तर : परीक्षकांची हरकत रास्त आहे. पण मला त्याआधी 'सोळाव्या वर्षापर्यंत' खटकते. मराठीत सोळावे 'लागते' ते पंधरावा वाढदिवस झाला की. आजी नातीबद्दल 'सोळावं लागलं हो हिला' म्हणते, तेव्हा शाळेच्या हिशेबाने नात पंधरा पूर्ण असते. मग सोळाव्या वर्षापर्यंत म्हणजे ते लागेपर्यंत की संपेपर्यंत? एका वर्षाचा फरक पडतो, आणि तो नेमका दहावीच्या मुलामुलींच्या वाट्याला येतो. ज्या ऑस्ट्रेलियन कायद्यावरून ही चर्चा पेटली, त्यात समाजमाध्यमावर खाते ठेवायला १६ पूर्ण व्हावी लागतात. तेव्हा '१६ वर्षांखालील' किंवा '१६ वर्षे पूर्ण होईपर्यंत' असेच लिहावे. 'सोळा वर्षांपर्यंत'ही नको, त्यात सोळा वर्षांचा मुलगा आत की बाहेर हे कळत नाही.

आता 'बंदी'. दारूबंदी, गुटखाबंदी, प्लास्टिकबंदी या शब्दांत ती वस्तूच सगळ्यांसाठी बंद होते. जमावबंदीत माणसांवर बंधन येते आणि ते मोडले तर गुन्हाही माणसांवरच दाखल होतो. 'मुलांवर बंदी' वाचले की मराठी वाचकाच्या मनात हा दुसरा अर्थ उभा राहतो : मुलगा चोरून इन्स्टाग्रामवर गेला तर त्याला किंवा त्याच्या आईवडिलांना शिक्षा होणार. प्रत्यक्षात तसे काहीच नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये संमत झालेला आणि १० डिसेंबर २०२५ पासून लागू झालेला हा ऑस्ट्रेलियन कायदा कंपन्यांना बांधतो. १६ वर्षांखालील मुलांची खाती राहू नयेत म्हणून कंपनीने वाजवी उपाय योजायचे आणि त्यात कसूर झाली तर ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड भरायचा. मुलाला दंड नाही, पालकांनाही नाही. उलट पालकांनी परवानगी दिली तरी खाते मिळत नाही. शिवाय अट आहे ती खात्याला. खात्यात न शिरता यूट्यूबवर व्हिडिओ पाहायला मुलाला मोकळीक आहे, आणि व्हॉट्सॲप तर अट लागू असलेल्यांच्या यादीतच नाही.

सगळी गोम त्या 'मुलांवर'मधल्या 'वर'मध्ये आहे. हे एक शब्दयोगी अव्यय जबाबदारी कंपनीच्या खांद्यावरून उचलून लेकराच्या डोक्यावर ठेवते, आणि मग स्पर्धेतली मुले 'आमचे स्वातंत्र्य' आणि 'तुमची शिस्त' यांतच अडकून पडतात. कंपनीचे नावही निघत नाही. मला हे फार गंभीर वाटते. 'कंपन्यांना मुलांची खाती ठेवण्यास मनाई' म्हणून पाहा, वादाचे तोंडच बदलते.

'वयोमर्यादा' चुकीचा नाही, पण नोकरीच्या जाहिरातींनी त्याला वरच्या टोकाशी बांधून टाकले आहे. 'वयोमर्यादा उलटली', 'वयोमर्यादा शिथिल' हे आपण वय वाढल्यावरच बोलतो. इथे खालचे टोक हवे. मतदानासाठी आणि लग्नासाठी आपण बिनदिक्कत 'किमान वय' म्हणतो, तेच इथे घ्यावे. बोलताना 'वयाची अट'. भारताच्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याचा मार्ग वेगळा आहे : तिथे १८ वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळलेली संमती घेण्याची तरतूद आहे. तिला 'बंदी' म्हणणे तर सरळच चूक ठरेल.

'नियंत्रण' की 'नियमन' याला आपल्याच राज्यात उत्तर सापडते. भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चा, शुल्क विनियमन अधिनियम २०११ चा. भाड्याच्या बाबतीत लगाम सरकारने हाती घेतला. शाळेचे शुल्क मात्र संस्थेनेच ठरवायचे, पण घालून दिलेल्या पद्धतीने. अल्गोरिदमबाबत युरोपीय संघाचा डिजिटल सेवा कायदा या दुसऱ्या, शुल्क विनियमनाच्या जातीचा आहे. पोस्ट कोणत्या निकषांवर वरखाली लागतात हे समाजमाध्यमांच्या मंचांनी सोप्या भाषेत सांगायचे, आणि महिन्याला सरासरी साडेचार कोटी किंवा त्याहून अधिक युरोपीय वापरकर्ते असलेल्या मंचांनी तुमच्या सवयींचा माग न काढणारा एक तरी पर्याय द्यायचा. काय दाखवायचे हे सरकार ठरवत नाही. म्हणून 'नियमन'. 'सरकारी नियंत्रण' लिहिलेत तर सेन्सॉरशिपची भीती विषयातच पेरली जाईल आणि विरोधी बाजूला आयता मुद्दा मिळेल.

'अल्गोरिदम' शब्द रुळला आहे, राहू द्या. एरवी शाळेच्या गणितातली 'रीत' त्याच कुळातली आहे. पण बेरजेची रीतही अल्गोरिदमच, आणि तिचे नियमन कोणी मागत नाही. तुम्हाला अभिप्रेत आहे ती पुढचा व्हिडिओ कोणता हे ठरवणारी यंत्रणा. तिला 'शिफारस यंत्रणा' म्हणावे.

विषय असा लिहून पाहा : 'समाजमाध्यमांवर खाते उघडण्यासाठी किमान वय १६ पूर्ण असावे आणि ते पाळण्याची जबाबदारी कंपन्यांवर असावी, तसेच त्यांच्या शिफारस यंत्रणांचे कायद्याने नियमन व्हावे.' खरे तर हे दोन विषय आहेत. पहिल्याला पाठिंबा देणारी मुलगी दुसऱ्याला विरोध करू शकते. दोन फेऱ्या ठेवता आल्या तर जरूर ठेवा.