क्योतोत सिटी बसने किंकाकुजीला

प्रश्न : क्योतो स्टेशनवरून किंकाकुजी हे बौद्ध मंदिर बसने गाठायचं आहे. सोबत सत्तरीची आई आहे. तिकीट कुठे काढायचं?

उत्तर : सिटी बसमध्ये कंडक्टर नसतो. मागच्या दाराने चढायचं आणि उतरताना पुढे, ड्रायव्हरजवळच्या पेटीत पैसे टाकायचे. मोठ्यांना शहरात सरसकट २३० येन. पेटी उरलेले पैसे परत देत नाही, त्यामुळे नेमकी नाणी हवीत. हजाराची नोट तिथल्याच यंत्रात मोडता येते, पाच-दहा हजारांची नाही. हा उद्योग आपला थांबा आल्यावर केला की मागची रांग खोळंबते. आधीच, बस सिग्नलला उभी असताना उरकून घ्या. इकोका कार्ड (आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड) असेल तर उतरतानाच एकदा टेकवायचं.

स्टेशनवरून २०५ नंबर थेट जाते, पण गर्दीत आईंना उभं राहावं लागेल. त्यापेक्षा कारासुमा मार्गाच्या मेट्रोने किताओजी गाठा आणि तिथल्या टर्मिनलवरून २०४ किंवा २०५ पकडा. मंदिराजवळच्या ‘किंकाकुजी-मिची’ या थांब्याची घोषणा झाली की बटण दाबा. मोठ्या बॅगा स्टेशनच्या लॉकरमध्येच बऱ्या.

मंदिर ९ ते ५ उघडं असतं. सुवर्णमंडपात शिरता येत नाही, तो तळ्याकाठूनच पाहायचा. पुढची वाट एकेरी आहे आणि तिच्यावर दगडी पायऱ्या लागतात, हे आईंना आधी सांगून ठेवा.