आग्र्यात ताजमहालाखेरीज काय पाहावे?

प्रश्न : डिसेंबरात वयस्कर आईवडिलांना घेऊन दोन दिवस आग्र्याला जाणार आहोत. ताजमहालाखेरीज काय पाहावे? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताजमहाल शुक्रवारी पर्यटकांसाठी बंद असतो, हे पाहूनच रेल्वेचे आरक्षण करावे. डिसेंबरात सकाळी दाट धुके पडू शकते, त्यामुळे पहाटे जाण्याचा नेहमीचा सल्ला मी देणार नाही. वडीलधाऱ्यांना ऊन वर आल्यावरच न्यावे.

यमुनेच्या पलीकडची इतिमाद-उद-दौलाची कबर मात्र चुकवू नये. जहांगीर बादशहाची बेगम नूरजहानने आपले वडील मिर्झा घियास बेग (इतिमाद-उद-दौला ही त्यांचीच पदवी) यांच्यासाठी ती १६२२ ते १६२८ या काळात, म्हणजे ताजमहालाच्या आधी, बांधून घेतली. भिंतीजवळ उभे राहिल्यास पांढऱ्या संगमरवरात रंगीत दगड कापून बसवलेल्या सुरया, प्याले आणि सुरूची झाडे दिसतात, आणि हे काम इतक्या निवांतपणे ताजमहालाच्या गर्दीत पाहता येत नाही.

आग्र्याच्या किल्ल्याला अर्धा दिवस द्यावा. जानेवारी १६६६ मध्ये शाहजहान तेथेच नजरकैदेत वारला आणि त्याच वर्षी मे महिन्यात शिवाजी महाराज आग्र्यात औरंगजेबाच्या दरबारात गेले. मराठी माणसाने हा किल्ला घाईने पाहू नये, असे मला मनापासून वाटते.

फतेहपूर सिक्रीला गेलात, तर बुलंद दरवाजाच्या उंच पायऱ्या टाळून पूर्वेकडच्या बादशाही दरवाजाने सूफी संत सलीम चिश्तींच्या दर्ग्याकडे जावे.